पारितोषिक आणि शाळेची भाषा : प्रबलन-सिद्धांताचे एक परीक्षण

अध्यापक-विद्यालयांतून शिकविल्या जाणाऱ्या शैक्षणिक मानसशास्त्रात 'प्रबलन' या संकल्पनेला जे निर्वेध स्थान लाभले आहे, ते फारच थोड्या संकल्पनांच्या वाट्याला आले असेल. ज्या प्रतिसादामागोमाग समाधानकारक परिणाम घडतो तो प्रतिसाद दृढ होतो, हे थॉर्नडाइकचे सूत्र स्किनरने परिष्कृत केले. समाधान ही मनातील गोष्ट त्याने वगळली. ज्याच्या योगाने प्रतिसादाची वारंवारता वाढते ते प्रबलक, एवढीच व्याख्या ठेवली. ही व्याख्या आटोपशीर आहे, आणि तिचा मोह पडतो तो तिच्या आटोपशीरपणामुळेच. वर्गात तिचे भाषांतर पाटीवरचा तारा, वहीवरचा 'छान' असा शिक्का, टाळ्या, पेन्सिलीचे बक्षीस आणि वार्षिक समारंभातील पेला असे होते. मुलांनी बोलावे असे वाटत असेल तर बोलण्याला बक्षीस द्या आणि वाचावे असे वाटत असेल तर वाचनाला द्या, असा हा एकूण उपदेश.

हा उपदेश सर्वस्वी चुकीचा आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु 'कोणत्या प्रतिसादाला?' हा प्रश्न त्यात जितका सोपा धरला जातो तितका तो नाही. जेथे शाळेची भाषा आणि घरची भाषा भिन्न आहेत तेथे तर तो सर्वांत कठीण प्रश्न होऊन बसतो. या दृष्टीने गोंदिया जिल्ह्याकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

त्यापूर्वी शब्दांविषयी थोडे. 'प्रबलन' हा घडविलेला पारिभाषिक शब्द आहे, व्यवहारात तो कोणी वापरीत नाही. व्यवहारातले शब्द निराळे आहेत, आणि ते एकमेकांचे पर्यायही नव्हेत. 'बक्षीस' फारसीतून आले. ते देणारा वरचा आणि घेणारा खालचा, हे नाते त्या शब्दात मुरलेले आहे. 'इनाम' अरबीतून आले आणि मराठी मुलखात जमिनीला व सेवेला चिकटले. 'शाबास' हे मूळच्या फारसी 'शाद बाश', म्हणजे 'आनंदी राहा', याचे रूप असल्याने तो एक प्रकारचा आशीर्वादच आहे. 'पारितोषिक' परितोषातून निघते. मात्र परितोष देणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, हे संस्कृतानेही मोघमच ठेवले आहे! या सर्वांहून वेगळा शब्द 'खाऊ'. खाऊ मुलाला मिळतो तो बहुधा मूल असण्याबद्दल, पाठांतराबद्दल नव्हे. स्किनरच्या परिभाषेत या पाचही गोष्टी एकाच खात्यात जमा होतात. मुलाच्या मनात त्या तशा होत नाहीत, हे भाषेनेच नोंदवून ठेवले आहे.

गोंदिया हा जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट, पूर्वेस छत्तीसगड, दक्षिणेस गडचिरोली. भंडाऱ्याचा हा सर्व प्रदेश 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मध्य प्रदेशात होता, आणि राज्याची सीमा आखली गेली म्हणून बोलींची सीमा काही तेथे थांबली नाही. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 13,22,507 होती. तीत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे 16 टक्के. सालेकसा, देवरी या पूर्वेकडील तालुक्यांत गोंडी भाषेची वस्ती आहे. पोवार समाजाची पोवारी, झाडीपट्टीची झाडीबोली, सीमेपलीकडून आलेली छत्तीसगडी आणि बाजारपेठेची हिंदी या सर्वांचा वावर एकाच आठवडी बाजारात ऐकू येतो. जनगणनेत पोवारी हिंदीच्या सदरात मोजली जाते, झाडीबोली मराठीच्या पोटात जाते आणि गोंडी अनुसूचीबाहेरील भाषा म्हणून वेगळी राहते. पहिलीच्या वर्गात मात्र हे तिन्ही प्रकार एकाच बाकावर बसतात, आणि त्यांच्यापुढे जे पुस्तक उघडले जाते ते बहुतेक ठिकाणी प्रमाण मराठीचे असते.

आता एक साधे उदाहरण घ्यावे. चित्रात झाड आहे. अपेक्षित उत्तर 'ते झाड'. मराठीत तीन लिंगे आहेत आणि 'झाड' नपुंसकलिंगी आहे. ज्या मुलाच्या घरी हिंदी बोलली जाते त्याच्या भाषेत नपुंसकलिंगच नाही. तेथे 'पेड' पुल्लिंगी, म्हणून ते मूल 'तो झाड' म्हणण्याचा संभव अधिक. गोंडीची व्यवस्था आणखी निराळी. तिच्यात एका बाजूस पुरुषवाचक नामे आणि दुसऱ्या बाजूस स्त्रिया, पशू, वस्तू अशी उरलेली सगळी नामे, असे दोनच वर्ग आहेत. त्यामुळे बाई आणि झाड यांना एकच सर्वनाम लावण्याची सवय असलेले मूल 'ती झाड' म्हणाले, तर त्याने आपल्या व्याकरणाचा नियम काटेकोरपणे पाळला असेच म्हणावे लागेल. तिसरे मूल झाडीबोलीचे. त्याला नपुंसकलिंग येते, म्हणून 'ते झाड' ते सहज म्हणेल. पण पुढच्याच चित्राला 'पानी' म्हणेल, कारण त्याच्या बोलीत 'ण' च्या जागी 'न' येतो. चौथे मूल घरी काहीही बोलत असो, काल शिक्षकांनी म्हटलेले 'ते झाड' त्याने जसेच्या तसे लक्षात ठेवले आहे.

या चौघांत तारा कोणाला मिळेल? तिसऱ्याला निम्मा आणि चौथ्याला पुरा. पहिल्या दोघांची उत्तरे सारखीच चुकीची गणली जातील. वास्तविक ती दोन विरुद्ध दिशांनी चुकलेली आहेत आणि दोघांना सांगावयाची गोष्टही भिन्न आहे. चौथ्याला नपुंसकलिंग खरोखर कळले आहे की नाही, हे त्या उत्तरावरून मुळीच ठरत नाही. 'पान', 'फूल', 'घर' असे न शिकविलेले शब्द त्याच्यापुढे ठेवल्याशिवाय ते ठरणार नाही. तथापि प्रबलन घडले ते त्याचेच. प्रतिसादाची वारंवारता हे एकच माप हाती घेतले की नियम आणि पाठांतर यांतील भेद मापातून गळून पडतो. बक्षीस देणाऱ्याच्या हेतूत खोट आहे म्हणून हे घडते असे नव्हे. मापालाच तो भेद दिसत नाही.

या आक्षेपाचे तात्त्विक रूप भाषाशास्त्राला अपरिचित नाही. स्किनरचा 'व्हर्बल बिहेवियर' हा ग्रंथ 1957 साली प्रसिद्ध झाला आणि 1959 साली 'लँग्वेज' या नियतकालिकात चॉम्स्कीने त्याचे जे दीर्घ परीक्षण केले त्याने भाषाविचाराची दिशाच पालटली. उद्दीपक, प्रतिसाद, प्रबलन या संज्ञांना प्रयोगशाळेत जो नेमका अर्थ असतो तो मानवी भाषेला लावताना उरत नाही, त्या केवळ रूपकात्मक होतात, हा त्या परीक्षणाचा गाभा. पुढे 1970 साली ब्राउन आणि हॅनलन यांनी इंग्रजी शिकणाऱ्या बालकांच्या व त्यांच्या मातांच्या संभाषणांची छाननी केली. तीत असे आढळले की आईची पसंती-नापसंती वाक्याच्या व्याकरणशुद्धतेवर अवलंबून नसते. बहुतांशी ती वाक्याच्या खरेपणावर अवलंबून असते. मोडके पण खरे वाक्य मान्य होते, सुबक पण खोटे वाक्य नाकारले जाते. आणि तरीही मुले अखेरीस सुबक बोलू लागतात. गोंडी बोलणाऱ्या मुलाला पाण्याला 'येर' आणि गावाला 'नार' म्हणावयास कोणी तारा देऊन शिकविलेले नसते. सहा वर्षांचे ते मूल शाळेच्या दारात येते तेव्हा एक संपूर्ण व्याकरण, कोणत्याही पारितोषिकाशिवाय कमावलेले, त्याच्याजवळ असते. वर्गात त्या व्याकरणाची किंमत शून्य धरली जाते.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. चॉम्स्कीची टीका जशीच्या तशी उचलून शाळेला लावणे हा उतावीळपणा होईल. लेखन-वाचन हे मातृभाषेसारखे आपोआप उमलत नाही. अक्षरांचा सराव करावा लागतो, आणि सरावात वेळेवर मिळालेली पावती उपयोगी पडते. चॉम्स्कीने स्किनरच्या मताचा विपर्यास केला, असा प्रतिवाद मॅककॉर्कोडेल याने 1970 मध्ये केला, आणि त्यातील काही मुद्दे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. शिवाय स्किनरवर अन्याय होऊ नये म्हणून हेही नमूद केले पाहिजे की, 1953 साली आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला तो जाऊन बसला तेव्हा त्याला खटकले ते बक्षिसांचे दुर्भिक्ष नव्हते. आपले उत्तर बरोबर की चूक हे मुलांना फार उशिरा कळते, हे त्याला खटकले. त्याच्या शिक्षणयंत्रांचा उगम तेथे आहे. शिक्षेचा तर तो आयुष्यभर विरोधक होता. आपल्याकडील वर्गांत स्किनरच्या नावावर जे चालते त्यात तात्काळ माहिती देण्याचा त्याचा आग्रह क्वचितच दिसतो. पेला आणि टाळ्या तेवढ्या दिसतात.

माहिती आणि नियंत्रण यांतील हा भेद पुढील संशोधनात अधिक ठळक झाला. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतील प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, दुसऱ्याला ते अनपेक्षितपणे दिले, तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी, कोणतेही आमिष नसताना, पहिल्या गटातील मुलांनी चित्रे काढण्यात इतरांच्या सुमारे निम्माच वेळ घालविला. आवडीचे काम बक्षिसासाठीचे काम झाले आणि बक्षीस संपताच त्याची गोडीही ओसरली. या निष्कर्षावर पुढे मोठा वाद माजला. कॅमेरॉन आणि पिअर्स यांनी 1994 मध्ये अनेक प्रयोग एकत्र तोलून हा दुष्परिणाम किरकोळ आहे असे म्हटले. डेसी, केस्नर आणि रायन यांनी 1999 मध्ये 128 प्रयोग तोलून, अपेक्षित व मूर्त बक्षिसांपुरता तो खराच आहे, तोंडी कौतुकाचा परिणाम मात्र उलट आहे, असे दाखविले. वादाचा निकाल काहीही लागो, त्यातील एक पूर्वअट गोंदियाच्या संदर्भात विसरता येत नाही: मुळात आवड असेल तरच ती ओसरण्याचा प्रश्न उद्भवतो. सालेकशाच्या मुलाला मुळात आवड कशाची असते? प्रमाण मराठीची असणे संभवनीय नाही, कारण ती त्याने ऐकलेलीच नसते. त्याला आवड असते बोलण्याची. आणि 'शुद्ध' बोलण्याला बक्षीस लावले की धोक्यात येते ते हे बोलणेच. मूल अशुद्ध बोलू नये म्हणून मुळी बोलतच नाही. प्रबलनाच्या तक्त्यात मौन हा प्रतिसाद धरला जात नाही, म्हणून हा तोटा कोठेच नोंदला जात नाही.

या तोट्याचे मोजलेले उदाहरण अमेरिकेत सापडते. रोलंड फ्रायर याने 2007-08 च्या सुमारास अनेक शहरांतील शाळांत पैसे देऊन अभ्यास वाढविण्याचे मोठे प्रयोग केले. त्यांचा अहवाल 2011 साली प्रसिद्ध झाला. डॅलस येथे दुसरीच्या मुलांना प्रत्येक वाचलेल्या पुस्तकामागे 2 डॉलर दिले जात. वाचल्याची खात्री एका छोट्या चाचणीने केली जाई. इंग्रजीत परीक्षा देणाऱ्या मुलांचे वाचन सुधारले, आणि म्हणून या प्रयोगाचा उल्लेख बहुधा यशस्वी म्हणून होतो. परंतु स्पॅनिशमध्ये परीक्षा देणाऱ्या मुलांचे गुण उलट घटले. मुलांनी पुस्तके वाचली ती प्रामुख्याने इंग्रजी होती. म्हणजे पैसे 'वाचना'ला दिले असे योजकांस वाटत होते, पण प्रत्यक्षात ते एका भाषेला मिळाले आणि त्यांची किंमत दुसऱ्या भाषेने मोजली. ज्यांच्या घरी एकच भाषा आहे त्यांच्या बाबतीत हा भेद कधी लक्षातही आला नसता. गोंदियात असा प्रयोग झाला असता तर गोंडीत परीक्षा घेण्याची सोय नसल्याने फक्त वाढच दिसली असती, आणि घट मोजावयास मापच नसते.

तेव्हा परकी प्रेरणा वाईट आणि अंतःप्रेरणा चांगली, असा सोपा निवाडा द्यावा काय? तोही टिकत नाही. गार्डनर आणि लॅम्बर्ट यांनी 1959 साली माँट्रियल येथील अभ्यासातून परभाषा शिकणाऱ्यांच्या प्रेरणांचे दोन प्रकार सांगितले. त्या भाषिक समाजाशी समरस होण्याची इच्छा ही एक, आणि नोकरी-व्यवसायासारखा उपयोग ही दुसरी. आणि पहिली श्रेष्ठ मानली. त्या मताला जो महत्त्वाचा धक्का बसला तो मराठी विद्यार्थिनींकडून, ही गोष्ट आपल्या विद्यापीठांत फारशी सांगितली जात नाही. यास्मीन लुकमानी यांनी 1972 साली मुंबईतील 60 मराठीभाषी शाळकरी मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत इंग्रजीवरील प्रभुत्वाचा संबंध उपयोगाच्या प्रेरणेशी अधिक जुळला. इंग्रजी समाजात विरघळण्याची या मुलींना हौस नव्हती. आपल्या समाजात राहूनच बरे आयुष्य मिळवावयाचे होते, आणि त्या उत्तम शिकत होत्या. पोवारी किंवा गोंडी घरातल्या मुलाला मराठी हवी असते ती तहसील कचेरीसाठी, बँकेसाठी, पुढच्या शाळेसाठी. हे प्रयोजन बाहेरचे आहे म्हणून हिणकस नव्हे. फरक इतकाच की हा लाभ भाषेच्या उपयोगातून येतो, कोणी त्याला वरून चिकटविलेला नसतो. 'ते झाड' बद्दल मिळालेल्या ताऱ्याचा झाडाशीही संबंध नाही आणि मराठीशीही नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत नेमका विचार झाला तो मानसशास्त्राच्या जन्मापूर्वी असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल. पण 1882 साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले त्यातील शिष्यवृत्त्यांविषयीचा भाग पाहावा. चढाओढीने शिष्यवृत्त्या देणे वरकरणी न्याय्य दिसते. परंतु ज्या वर्गांना विद्येची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच तिने उत्तेजन मिळते आणि इतरांत विद्येचा प्रसार होत नाही, म्हणून काही शिष्यवृत्त्या मागे राहिलेल्या वर्गांसाठी राखाव्यात, असा त्यांचा आशय होता. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर, स्पर्धेचे पारितोषिक वर्तन घडवीत नाही, घडलेले वर्तन हेरते. शिष्यवृत्ती परीक्षा, वक्तृत्व स्पर्धा, सुंदर हस्ताक्षर यांच्या फलकांवर वर्षानुवर्षे ज्या घरांतील नावे झळकतात त्यांची भाषिक पार्श्वभूमी कोणी तपासली, तर फुल्यांच्या या वाक्यांची सत्यता पडताळून पाहता येईल. पदव्युत्तर प्रबंधिकेला हा विषय लहान नाही.

बक्षीस शिक्षकाला लावले तर काय होते याचाही अनुभव त्याच काळातील आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो याच्या 1862 च्या नियमावलीने शाळांचे अनुदान हजेरीवर आणि वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेतील निकालावर बसविले. मुंबई इलाख्यातही ते वारे लवकरच पोहोचले. वाचता न येताही पाठ्यपुस्तक पाठ करवून मुलांना परीक्षेत पार पाडता येते, हे मॅथ्यू आर्नल्ड याने शाळा-निरीक्षक या नात्याने दाखवून दिले. वर्गातील चौथ्या मुलाची ही वंशावळ बरीच जुनी आहे.

याच्या उलट काही साहाय्ये अशी आहेत की ज्यांना बक्षीस म्हणणे हा संज्ञेचा गोंधळ आहे. महाराष्ट्र शासनाने 1992 साली दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेतील मुलींसाठी हजेरीच्या दर दिवसाला 1 रुपया उपस्थिती भत्ता ठेवला. 1995 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पोषण आहार कार्यक्रमात प्रारंभी 80 टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिना 3 किलो धान्य घरी नेण्यास मिळे. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशाने शिजविलेले अन्न शाळेतच देणे बंधनकारक झाले. वर्तनवादाच्या दृष्टीने दोन्ही योजनांत प्रबलकच आहे आणि दुसऱ्यात तर तो अधिक तात्काळ आहे. पण धानाच्या या जिल्ह्यात तांदळाचा अर्थ काय होतो ते पाहावे. 3 किलो तांदूळ हा घराच्या डब्यात पडणारा, हजेरीपटाशी बांधलेला मोबदला होता, तर ताटातली खिचडी सर्वांना मिळते. कोण बरोबर बोलले आणि कोण चुकले, हे ती विचारीत नाही. ती शाळेत बसण्याची अडचण दूर करते आणि बाजूला होते. वरच्या पाच शब्दांत तिचे नाते खाऊशी आहे. रुपयाचा भत्ताही तत्त्वतः याच जातीचा. फक्त तो इतका तुटपुंजा की अडचण दूर होण्याऐवजी तिची आठवणच व्हावी.

अडचण दूर करणे आणि वर्तनाला किंमत लावणे यांतील हा भेद ज्यांनी प्रत्यक्ष आचरणात आणला त्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. 1945 साली बोर्डी येथे आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी काम केले. मूल शाळेत येत नाही तर त्याला आमिष काय दाखवावे, असा प्रश्न त्यांनी घेतला नाही. शाळाच पाड्याच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. माँटेसरीच्या परंपरेत बक्षिसांना थारा नव्हताच. पण कोसबाडचे वैशिष्ट्य त्याहून पुढचे आहे. तेथे जागा, वेळ आणि काही अंशी बोलणेही मुलाच्या बाजूने सरकले. बोर्डी-कोसबाडचा हा धडा अंगणवाडी या नावाने देशभर पोहोचला खरा, परंतु पहिलीच्या उंबरठ्यावर तो थांबला, आणि तेथून पुन्हा तारे व शिक्के सुरू झाले.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी केली, आणि शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असेही म्हटले. त्यापाठोपाठ राज्यात सातत्यपूर्ण मूल्यमापन आले व त्यात वर्णनात्मक नोंदींची तरतूद झाली. ही नोंद म्हणजे वास्तविक स्किनरला हवी होती ती तात्काळ माहिती आणि डेसी-रायन यांना हवे होते ते नियंत्रणमुक्त कौतुक, दोन्ही एकाच रकान्यात. 'ती झाड' म्हणणाऱ्या मुलाच्या पुढे 'लिंगाच्या चुका करतो' अशीही नोंद होऊ शकते, आणि 'मराठीतील स्त्रीलिंग व नपुंसकलिंग हे दोन वर्ग अजून वेगळे करीत नाही, पुल्लिंग नीट ओळखतो' अशीही. दुसरी नोंद करावयास शिक्षकाला गोंडी बोलता यावी लागत नाही. तिच्यात लिंगवर्ग दोनच आहेत एवढे ठाऊक असले तरी पुरते. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा गोंडीविषयीचा खंड 1906 साली छापला गेला, तेव्हापासून ही माहिती उपलब्ध आहे. अध्यापक-विद्यालयाच्या अभ्यासक्रमात कबुतरे आणि उंदीर यांना जेवढी पाने मिळतात, त्यांतली दोन पाने तिला मिळावयास हरकत नसावी.